कुपीने कधी फुटावं

नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून एक गुंतागुंतीचा रेणू वेगळा काढला आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. तोच आजचा पॅक्लिटॅक्सेल. स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगात हे औषध आता सर्रास दिलं जातं. पण रचना कळल्यापासून अमेरिकेत परवानगी मिळेपर्यंत, म्हणजे १९९२च्या डिसेंबरपर्यंत, एकवीस वर्षं गेली. उशिराला कारणं बरीच होती. साल तुटपुंजी, झाड अतिशय सावकाश वाढणारं, आणि सूझन हॉर्विट्झ यांनी १९७९मध्ये औषधाची पेशीतली करामत उलगडून दाखवेपर्यंत त्यात फारसा कुणाला रस नव्हता. या पुस्तकाला त्यातलं एकच कारण पुरतं: पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही.

विरघळत नाही म्हणजे किती? लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमभरही धड नाही. मध्यम बांध्याच्या रुग्णाला एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅम द्यावं लागतं. ते नुसत्या सलाइनमधून द्यायचं म्हटलं तर तीनशे लिटरहून जास्त सलाइन चढवावं लागेल. यावर जो तोडगा निघाला तो जुन्या वैद्याला ओळखीचा वाटावा असा आहे, एरंडेल! एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून मिळणारं क्रेमोफोर नावाचं घट्टसर द्रव्य घ्यायचं, त्यात तेवढंच अल्कोहोल मिसळायचं आणि त्यात औषध विरघळवायचं. अशा मिश्रणाच्या एका मिलिलिटरमध्ये ६ मिलिग्रॅम औषध मावतं. हिशेब केला तर ३०० मिलिग्रॅम औषधाबरोबर रुग्णाच्या रक्तात पंचवीसेक मिलिलिटर क्रेमोफोरही जातं.

किमोथेरपीच्या डे-केअर वॉर्डात याचे परिणाम उघड दिसतात. मूळ औषधाआधी सिस्टर स्टेरॉइड देतात, अॅलर्जीविरोधी इंजेक्शन देतात, पित्ताचं औषध देतात. ड्रिपची नळी नेहमीची पीव्हीसीची चालत नाही, कारण क्रेमोफोर त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं रसायन सोबत ओढून नेतं. ड्रिप सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं कुणीतरी खाटेशीच थांबतं. चेहरा लाल होतोय का, छातीत आवळल्यासारखं होतंय का, दम लागतोय का, यावर नजर असते. मग तीन तास थेंब थेंब. एवढ्या सगळ्या बंदोबस्तातला मोठा वाटा औषधासाठी नसून ते ज्यात कालवलंय त्या द्रव्यासाठी असतो.

औषध शोधणाऱ्याचं नाव होतं आणि ते रुग्णापर्यंत कशात घालून न्यायचं हा प्रश्न हलका समजला जातो. मला हा अन्याय वाटतो. औषधनिर्माणशास्त्राचा निम्मा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याला मिळालेलं सर्वांत देखणं उत्तर म्हणजे पॉलिमरच्या, स्वतःहून जुळून येणाऱ्या नॅनोकुप्या.

पॉलिमरच्या आधी लिपिड आले, त्यांच्याबद्दल थोडक्यात. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अॅलेक बँगहॅम आणि रॉबर्ट हॉर्न यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पेशीच्या आवरणातली फॉस्फोलिपिडं पाण्यात घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा त्यांना कांद्यासारखे पापुद्र्यांचे बंद गोळे दिसले. हे लायपोसोम. पोटात पाणी, भोवती लिपिडचं दुहेरी अस्तर. औषध पोटात भरता येईल हे लवकरच ध्यानात आलं. पण कर्करोगाच्या औषधांत पहिलं मोठं यश मिळायला १९९५ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत परवानगी मिळालेल्या डॉक्सिलमध्ये डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध सुमारे शंभर नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये असं ठासून भरलेलं असतं की आत त्याचे स्फटिक बनतात. त्यामागे जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझोन यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. लिपिडची अडचण अशी की त्याचा रेणू लहान. अस्तराची जाडी चार-पाच नॅनोमीटर. ते नाजूक असतं, गळतं, आणि त्यात फेरफार करायला वाव मर्यादित. निवड बहुतांशी निसर्गाने दिलेल्या लिपिडांतून किंवा त्यांच्या जवळच्या भावंडांतून करायची.

पॉलिमर म्हटलं की डोळ्यांसमोर बाजारातली पिशवी येते. इथला पॉलिमर त्या घराण्यातला नाही. इथे दोन वेगळ्या स्वभावांच्या साखळ्या टोकाला टोक लावून जोडलेल्या असतात. एक पाण्यात रमणारी. बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘पेग’ म्हणतात. बद्धकोष्ठावर पाण्यात घालून प्यायच्या पावडरीत तेच असतं. दुसरी पाण्याचं वावडं असलेली. उदाहरणार्थ लॅक्टिक आम्लाच्या कड्यांची पीएलए. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा याच कुळातला. रसायनशास्त्रज्ञाला दोन्ही साखळ्यांची लांबी हवी तशी ठरवता येते. लिपिडच्या बाबतीत ही सोय नव्हती, आणि पुढची सगळी गोष्ट या एका सोयीतून निघते.

अशी जोडसाखळी पाण्यात गेली की काय होतं? लोकप्रिय लेखांत वाचायला मिळतं की तेलकट भाग एकमेकांकडे ओढले जातात. असतील थोडे ओढले जात; खरा जोर पाण्याचा असतो. तेलकट साखळीभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपसातले हायड्रोजन बंध सांभाळण्यासाठी अवघडून राहावं लागतं. अशा हजारो साखळ्या गोळा झाल्या की त्यांच्याभोवती अडकलेलं पाणी सुटतं, मोकळं फिरू लागतं, आणि एकूण व्यवस्थेच्या दृष्टीने तेच फायद्याचं. साखळ्यांना एकत्र यायची हौस नसते, पाणी त्यांना एकत्र लोटतं. बाहेरून कुणी साचा लावत नाही, कुणी वळत नाही.

एकत्र येऊन बनतं काय, हे साखळीच्या मापावर ठरतं. १९७६मध्ये इस्राएलाच्विली, मिचेल आणि निनम यांनी लहान रेणूंसाठी जो भूमितीचा हिशेब मांडला, तो ढोबळमानाने इथेही लागू पडतो. गोल विहीर बांधताना गवंडी पाचरीच्या आकाराचे दगड घेतो. निमुळती बाजू आत ठेवून ते रचत गेलं की बांधकाम आपसूक वळत जातं. सरळ भिंतीला चौकोनी दगड लागतात. रेणूंचंही तसंच. पाणी-प्रेमी भाग मोठा आणि तेलकट भाग त्या मानाने लहान असेल तर रेणू पाचरीसारखा होतो आणि लहान भरीव गोळा तयार होतो, त्याला मायसेल म्हणतात. दोन्ही भाग जवळपास सारख्या रुंदीचे असतील तर रेणू शेजारी शेजारी बसून पडदा धरतात. पडद्याला उघड्या कडा परवडत नाहीत, म्हणून तो मिटून पोकळ कुपी होतो. डेनिस डिशर आणि अॅडी आयझेनबर्ग यांनी २००२मध्ये या क्षेत्राचा आढावा घेताना एक अंगठ्याचा नियम दिला: साखळीच्या एकूण वजनात पाणी-प्रेमी भाग पस्तीस टक्क्यांच्या आसपास, दहा इकडे किंवा तिकडे, असेल तर पोकळ कुपी मिळते. पंचेचाळीसच्या वर गेला तर मायसेल. पंचविसाच्या खाली आला तर उलट्या रचनेचे गठ्ठे. हे तीन आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत, पुढे त्यांची गरज लागणार आहे.

मायसेल आणि पोकळ कुपी यांच्यातला फरक औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मायसेलच्या पोटात फक्त तेलकट जागा असते, तिथे पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध सुखाने राहतं. पोकळ कुपीच्या पोटात पाणी असतं आणि तिची भिंत तेलकट असते. म्हणजे पाण्यात विरघळणारं औषध पोटात आणि न विरघळणारं भिंतीत, अशी दोन औषधं एकाच कुपीतून नेता येतात.

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते एकदा बघण्यासारखं आहे. पॉलिमर आणि औषध टीएचएफसारख्या द्रावकात विरघळवतात. द्रावण काचेसारखं स्वच्छ असतं. बाटली चुंबकी ढवळणीवर ठेवतात आणि सिरिंज पंपाने त्यात थेंब थेंब पाणी सोडतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी द्रावणावर किंचित निळसर झाक येते, इतकी हलकी की मागे काळा कागद धरल्याशिवाय नवख्याला दिसत नाही. लेझर पॉइंटरचा किरण आरपार सोडला तर मघाशी न दिसणारी लाल रेघ आता आत उमटते. प्रकाश विखरायला लागला, म्हणजे कण तयार झाले. पाणी सोडायची घाई केली तर निळ्या झाकीऐवजी दुधाळ गढूळपणा येतो, कधी चक्क पांढरे लोळे तळाशी बसतात, आणि महागडा पॉलिमर वाया जातो. सगळं नीट जमलं तर द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरून रात्रभर पाण्यात लटकवतात. टीएचएफ बाहेर निघून जातं, कुप्या आत राहतात.

‘आपोआप’ या शब्दावर फार विसंबू नये ते यामुळे. लहान रेणू चुकीच्या जागी बसले तर उठून पुन्हा बसतात. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. पॉलिस्टायरीनसारखी साखळी तर नेहमीच्या तापमानाला काचेसारखी ताठ होते आणि अर्धवट घडलेला आकार तसाच गोठतो. आयझेनबर्ग यांच्या मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेने १९९५मध्ये पॉलिस्टायरीन आणि पॉलिअॅक्रिलिक आम्लाच्या जोडसाखळ्यांपासून गोळे, कांड्या, पापुद्रे, पोकळ कुप्या असं एकाच कुटुंबातलं वैविध्य दाखवलं तेव्हा त्यात साखळीच्या मापाइतकाच वाटेचाही हात होता: कोणतं द्रावक, किती पाणी, किती वेगाने. त्याच पॉलिमरच्या त्याच वजनातून दोन प्रयोगशाळांना दोन वेगळे आकार मिळाले अशा तक्रारी या विषयात नेहमीच्या आहेत, आणि बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं.

पॉलिमरच्या पोकळ कुप्यांना ‘पॉलिमरसोम’ हे नाव १९९९ साली चिकटलं. पेनसिल्वेनिया विद्यापीठातले बोहडाना डिशर, डेनिस डिशर, डॅनियल हॅमर आणि मिनेसोटाचे फ्रँक बेट्स यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि पॉलिइथिलइथिलीन यांच्या जोडसाखळीपासून सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतील एवढ्या मोठ्या कुप्या बनवल्या आणि केसाहून बारीक काचनळीच्या तोंडाने एकेक कुपी हलकेच ओढून तिची भिंत किती ताणते ते मोजलं. भिंतीची जाडी सुमारे आठ नॅनोमीटर निघाली, लिपिडच्या जवळपास दुप्पट. फुटण्यापूर्वी ती लिपिडच्या अस्तरापेक्षा कितीतरी पट जास्त ताण सोसत होती आणि तिच्यातून पाणी निदान दहापट सावकाश पाझरत होतं. चिवट, न गळणारी, हव्या त्या मापाची कुपी. पुढच्या काही वर्षांत या विषयावर शोधनिबंधांचा जो पूर आला त्याचं मूळ या मोजमापात आहे.

आणि इथेच विषयाची खरी मेख आहे. न फुटणारी कुपी औषधाच्या काय कामाची? पॉलिइथिलइथिलीनच्या कण्यात नुसते कार्बन-कार्बन बंध असतात, ते तोडायची शरीराकडे हत्यारं नाहीत. अशी कुपी औषध घेऊन गाठीपर्यंत पोचली तरी ते पोटात धरून बसेल. कुपी घडवणं ही निम्मी कला. तिने कुठे आणि कधी फुटावं हे आधीच तिच्यात लिहून ठेवणं ही उरलेली, आणि माझ्या मते जास्त अवघड, निम्मी. रक्तात दोन दिवस अभेद्य आणि पेशीत तासाभरात निकामी, ही एकाच वस्तूकडून केलेली अपेक्षा आहे. या पुस्तकाचा मोठा भाग तिच्यावरच खर्ची पडला आहे.

यावरचं मला सर्वांत आवडणारं उत्तर पुन्हा डेनिस डिशर यांच्याच गटाचं आहे, २००६च्या सुमाराचं. त्यांनी कुपीच्या भिंतीत पेग-पीएलए मिसळलं. पीएलएची साखळी पाण्यात टोकाकडून झिजते, एकेक कडी लॅक्टिक आम्ल होऊन गळून पडते. आम्ल वातावरणात हा वेग वाढतो. आता ते तीन आकडे आठवावेत. तेलकट भाग आखूड झाला की साखळीतल्या पाणी-प्रेमी भागाची टक्केवारी आपसूक चढते. चढता चढता तिने पंचेचाळीसची रेघ ओलांडली की त्या साखळीला आता पडद्यात राहणं जमत नाही, ती मायसेलच्या बाजूची होते. भिंतीला भोकं पडतात, औषध बाहेर येतं, आणि अखेर अख्खी कुपी लहान लहान गोळ्यांत विस्कटते. ज्या प्रमाणाने कुपी घडली त्याच प्रमाणाच्या बदलाने ती मोडली. वेगळा चाप नाही, वेगळं घड्याळ नाही. त्यांनी या कुपीच्या भिंतीत पॅक्लिटॅक्सेल आणि पोटात डॉक्सोरुबिसिन भरलं होतं, आणि उंदरांमधल्या गाठी या जोडीने मोकळ्या औषधांपेक्षा जास्त आक्रसल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे पुढे येणारच आहे. पण रचनेतली काटकसर पाहिली की दाद द्यावीशी वाटते.

दुसरा मार्ग आम्लाचा. पेशी बाहेरचा कण गिळते तेव्हा तो एका थैलीत बंद होतो आणि थैली हळूहळू आम्ल होत जाते. रक्ताचा सामू ७.४, थैलीचा पाच-सहाच्या दरम्यान, आणि शेवटी जिथे सगळ्याचा चुरा होतो त्या लायसोसोमचा पाचच्याही खाली. म्हणून सामू सहाच्या थोडा वर असतानाच स्वभाव बदलणारी साखळी निवडायची. शेफिल्डमध्ये ज्युझेप्पे बटालिया आणि स्टीव्हन आर्म्स यांनी वापरलेली पीडीपीए ही तशी साखळी. रक्तात ती तेलकट असते. थैलीत सामू उतरला की ती प्रोटॉन उचलते, विद्युतभारित होते आणि पाण्यात विरघळते. कुपी क्षणार्धात हजारो सुट्या साखळ्यांत मोडते. एवढ्याशा थैलीत एकदम इतके रेणू मोकळे झाले की परासरणाचा दाब वाढतो, थैलीचं आवरण ताणलं जातं आणि औषधाला पेशीत निसटायला वाट मिळू शकते. थैलीतून सुटका हा या क्षेत्रातला सर्वांत चिवट अडथळा आहे. कित्येक हुशार कुप्या पेशीच्या आत पोचूनही तिथेच गारद होतात.

तिसरा मार्ग गंधकाच्या बंधाचा. पेशीच्या आत ग्लुटाथायॉन नावाचं द्रव्य बाहेरच्या मानाने शेकडो पट असतं आणि दोन गंधक अणूंमधला बंध ते तोडतं. साखळीच्या सांध्यावर तसा बंध ठेवला की पेशीत शिरल्यावर पेगचा भाग तुटून पडतो. उष्णता, प्रकाश, अल्ट्रासाउंड यांवर फुटणाऱ्या कुप्याही आहेत. त्यांच्यावर पुस्तकात एकच प्रकरण आहे आणि ते आखूड आहे. शोधनिबंधांत त्यांची जितकी चलती आहे तितकी दवाखान्यात नाही.

आता शरीराबद्दल. रसायनशास्त्रज्ञ बाटलीतल्या निळ्या झाकीवर खूश असतो, पण रक्त म्हणजे मीठ घातलेलं पाणी नव्हे. सुमारे पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून निसटतो. दोनशेच्या वर गेला तर प्लीहेच्या फटींत अडकतो. मधल्या मापाच्या कणांसाठी यकृतात कुप्फर पेशी टपून असतात. त्यातून रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो, आणि पेशींना तुमची कुपी दिसतच नाही, त्यांना तो थर दिसतो. पेगची दाट झालर हा थर बसू देत नाही, निदान उशिरा बसू देते. डॉक्सिल अनेक दिवस रक्तात फिरतं ते त्यामुळे. अलीकडे मात्र पेगविरुद्धच प्रतिपिंडं आढळू लागली आहेत. काही माणसांत कुठलंही पेगयुक्त इंजेक्शन घेण्यापूर्वीपासून ती असतात, कारण पेग सौंदर्यप्रसाधनांपासून औषधांपर्यंत सगळीकडे आहे. त्याला पर्याय शोधण्याची धडपड सुरू आहे आणि एकही पर्याय अजून पेगच्या जागी पक्का बसलेला नाही.

वर्तमानपत्रांत या कुप्यांना ‘थेट कर्करोगावर वार करणारं क्षेपणास्त्र’ म्हणायची रीत आहे. ही भाषा सोडून द्यावी असं मला कळकळीने वाटतं. कुपीला इंजिन नसतं, नकाशा नसतो. ती रक्ताबरोबर वाहते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात, त्या फटींतून कण बाहेर झिरपतो आणि निचरा नीट नसल्याने तिथेच साचतो, असं कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६मध्ये दाखवलं. त्या निरीक्षणावर एक अख्खी शाखा उभी राहिली. पण प्रयोगशाळेतल्या उंदराची गाठ काही आठवड्यांत त्याच्या अंगाच्या मानाने प्रचंड वाढते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली असते. तिच्या वाहिन्या रुग्णागणिक वेगळ्या, एकाच रुग्णात गाठीगणिकही वेगळ्या. २०१६मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. आकडा काढण्याच्या पद्धतीवर वाद झाले, ते रास्तही होते. तरी शंभरातले नव्याण्णव कण दुसरीकडेच जातात, ही गोष्ट कुठल्याही पद्धतीने झाकता येत नाही.

मग या कुप्यांनी साधलं काय? बरंच, फक्त वेगळ्या खात्यावर. डॉक्सिलमुळे डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूपासून बऱ्यापैकी दूर राहिलं, आणि हृदयाला होणारी इजा हीच त्या औषधाची मोठी मर्यादा होती. त्याची किंमत त्वचेने मोजली. काही रुग्णांचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. औषध कुठे पोचलं याइतकंच ते कुठे गेलं नाही यालाही मोल आहे. पॅक्लिटॅक्सेलचंही तसंच. दक्षिण कोरियात २००७मध्ये आलेलं जेनेक्सॉल-पीएम म्हणजे पेग-पीएलएचे वीस ते पन्नास नॅनोमीटरचे साधे मायसेल. त्यात नेम धरणारं काही नाही, आम्लावर फुटणारं काही नाही. रक्तात गेल्यावर मायसेल औषध फार काळ धरूनही ठेवत नाही. पण क्रेमोफोर गेलं. आणि क्रेमोफोर गेल्यामुळे नेहमीच्या १७५ मिलिग्रॅम दर चौरस मीटरच्या जागी चाचण्यांत ३०० पर्यंत मात्रा देता आली. आपल्याकडे त्याच सुमारास डाबर फार्माने नॅनॉक्सेल बाजारात आणलं. त्यामागे दिल्ली विद्यापीठातल्या अमरनाथ मैत्रा यांचं पॉलिमर मायसेलवरचं काम होतं. भारतात या विषयाची सुरुवात परदेशी परवान्याने झाली असा जो समज आहे, तो यावरून तपासून पाहावा.

लिपिडच्या बाजूलाही तसंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या लायपोसोमवर काम केलं आणि ते प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत नेलं. अँफोटेरिसिनही पाण्यात न विरघळणारं आणि मूत्रपिंडाला त्रासदायक. लायपोसोममध्ये घातलं की तो त्रास बराच उणावतो. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा ‘लायपोसोमल’ हा शब्द घराघरांत पोचला. चिठ्ठी घेऊन नातेवाईक एका गावच्या औषध दुकानातून दुसऱ्या गावी धावत होते आणि साधं अँफोटेरिसिन चालेल का हे विचारायला त्यांना कुणी सापडत नव्हतं. त्याआधी २०१२मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करू दिलं, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे. या कुप्या बनवणं अवघड असतं म्हणून त्या बनवणारे थोडे असतात, आणि एक कारखाना बंद पडला की अर्ध्या जगाला झळ लागते.

कारखान्याचा प्रश्न संशोधनाच्या पुस्तकांत शेवटी येतो किंवा येतच नाही. इंजेक्शन निर्जंतुक हवं. साधं औषध बाटलीत सील करून वाफेच्या दाबाखाली तापवता येतं. मायसेल किंवा पॉलिमरसोम तापवला तर आकार बिघडतो, पीएलए झिजायला लागतं, औषध बाहेर पडतं. मग उरतो ०.२२ मायक्रॉनचा गाळणा. जंतू त्यात अडकतात, पण २२० नॅनोमीटरच्या जवळपास मापाची कुपीही अडकते किंवा दाबाखाली फाटते. म्हणजे कुपीचं माप दीडशेच्या आत ठेवायला प्लीहेइतकाच कारखान्यातला गाळणाही कारणीभूत असतो. नंतर ती महिनोन्महिने टिकावी म्हणून पाणी काढून वाळवायची. गोठवताना बर्फाचे स्फटिक भिंती भोसकू नयेत म्हणून ट्रेहॅलोजसारखी साखर घालायची. वॉर्डात सिस्टरने सलाइन घालून बाटली हलवली की मिनिटभरात तोच आकार परत मिळाला पाहिजे, आणि हजारातल्या प्रत्येक बाटलीत मिळाला पाहिजे. सिरिंज पंपाखालच्या वीस मिलिलिटरच्या बाटलीत जे सहज जमतं ते पाचशे लिटरच्या टाकीत जमत नाही, कारण टाकीच्या एका कोपऱ्यात पाणी लवकर मिसळतं आणि दुसऱ्यात उशिरा. म्हणून आता बारीक नळ्यांच्या संगमावर दोन्ही द्रव अखंड एकमेकांत मिसळायची पद्धत रूढ होते आहे. कोविडच्या एमआरएनए लशींतले लिपिड कण अशाच संगमांवर बनले.

या कारणांमुळे पुस्तकाची मांडणी प्रचलित क्रमाच्या उलट ठेवली आहे. पहिलं प्रकरण औषधाच्या भरलेल्या बाटलीवर आहे, दुसरं रक्तावर, तिसरं पेगवर; तिथून मागे सरकत शेवटच्या तीन प्रकरणांत साखळी घडवण्याचं रसायन येतं. कुपी कुठे जाणार, किती टिकणार, बाटलीत कशी बसणार हे ठाऊक झाल्यावरच साखळीच्या मापाला अर्थ येतो. ज्यांना रसायनाची ओढ आहे त्यांनी शेवटापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. फक्त पेगचं प्रकरण आधी वाचून घ्यावं. ते नाव पुढे पानोपानी येतं आणि दर वेळी नव्याने सांगितलेलं नाही.